वगळलेली ओळ

बोरीवली, मंगळवार

प्रिय निशू,

तुझे बाबा होते तेव्हाचा एक दिवस सांगते. नळ जायच्या आत पिंप भरलं, दूध तापत ठेवलं, बारीक काट्यांचे पेडवे मासे साफ करून मीठ-हळद लावली आणि मग तुझ्या बाबांची कवळी घासायला घेतली. रोजचा क्रम तोच. ती स्टीलची वाटी ओट्याच्या कोपऱ्यात असायची आणि माहेरी आलीस की "ई, आई, झाकण तरी ठेव" म्हणून तू ओरडायचीस. त्या दुपारी जेवताना बाबांनी पहिलाच घास ताटाच्या कडेला काढला. म्हणाले, "वरचो टाळू सगळो झाकलेलो. काटो कळणा नाय गो. घशात गेलो की कळतलो." मी म्हटलं, "मगे डाळभात खावा. पेडवे काय पळान जातत?" एरवी ते हसले असते.

जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. पेपरात घालून वाटतात तसला, जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून वर पक्के दात लावण्याचा. मोतीबिंदू तेव्हा काढला नव्हता, म्हणून मला म्हणाले, वाच. तुला माहीत आहे, माझी शाळा चौथीत सुटली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी वाचायला शिकले, मग मंडळाच्या वाचनालयातली कपाटं संपवली. बाबांना त्याचं केवढं कौतुक. "हिनं वाचलं म्हणजे खरं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मी मोठ्यानं वाचत गेले. शेवटाकडे एक ओळ होती. मधुमेह असला तरी साखर आटोक्यात असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हे करता येतं, अशी. ती मी डोळ्यांनी वाचली आणि तोंडानं म्हटलं, "साखर असलेल्यांना नाही चालत." त्यांनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली. पुन्हा विषय काढला नाही. कुठल्या डॉक्टरला विचारलंही नाही, मी वाचलं होतं ना. त्यानंतर ते जाईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, आपल्या घरात पेडवे आले नाहीत.

का केलं, ते सांगते. आदल्याच वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे सोसलं ते मला परत नको होतं. हाडाला भोक पाडणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि खोटं कशाला बोलू, या वयात कशाला हे थेर, असंही मनात होतंच.

आता माझं. साखर मलाही आहेच. दाढा गेल्यापासून मी एकाच बाजूनं चावते, तीही बाजू आता हलतेय. तू पाठी लागलीस म्हणून मागच्या आठवड्यात दातांच्या प्रांजल डॉक्टरकडे गेले. बाहेर पडल्यावर जिन्यातूनच तुला फोन केला, की साखरेमुळे त्या नाही म्हणाल्या. निशू, त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. स्कॅनमध्ये हाड पुरेसं दिसतंय, तीन महिन्यांची साखर ठीक आहे, म्हणाल्या. स्क्रू हाडात धरायला काही महिने लागतील, एखाद्याला धरतही नाही, हेही सांगितलं. नको असेल तर काढ-घाल करायची कवळी आहेच. सोमवारी विचार करून या, म्हणाल्या. माझ्या तोंडून मात्र तेच जुनं वाक्य तयार असल्यासारखं निघालं. बाबांच्या फोटोसमोर बसून पक्क्या दातांनी मी मासे चावतेय, हे मला बघवेना. मासेवाली सोनूबाई गेटवर पाटी उतरवून रोज टोमणा मारते, "नवरा गेला, तरी पेडवं बंदच काय गो?" मी बोंबील घेऊन वर येते. मऊ असतात.

हे सगळं मी तोंडानं कधी सांगितलं नसतं. बोरीवलीहून मुलुंडला पत्र पाठवते म्हणून तू हसशील, पण फोनवर मी परत काहीतरी खोटंच वाचून दाखवलं असतं. रविवारी फोनवर तू म्हणालीस, शनिवारी येते, तुला दुसऱ्या डॉक्टरकडे नेते. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "आमच्या सासऱ्यांनाही मी सांगून टाकलंय, दातांचा नाद सोडा. शुगर आहे तुम्हाला. बाबांना पण त्यामुळेच जमलं नव्हतं." तेव्हा आधी सासऱ्यांना सांग, माझ्या आईनं खोटं वाचलं होतं, तुम्ही जाऊन विचारा. मग माझ्यावर काय रागवायचं ते रागव.

काल, सोमवारी सकाळी पाणी भरलं, बाबांच्या कपाटातल्या सदऱ्याच्या खिशात त्यांनी जपलेला तो कागद काढला आणि दवाखान्यात गेले. डॉक्टरांना तो सगळा मोठ्यानं वाचून दाखवला, ती ओळसुद्धा. विचारलं, आमच्या ह्यांना जमलं असतं का? त्या म्हणाल्या, "काकू, त्यांना तपासल्याशिवाय मी कसं सांगू?" मग मी खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं.

तुझीच,
आई