वजीर मागं सरल्यावर

१२ एप्रिल
हे आजही चावडीच्या ओट्यावर गेले नाई. दिवसभर कूलरसमोर खाटेवर. चहा मांगते, पानी मांगते, वरण पातळ झालं म्हणते. माणूस घरात म्हणजे डोक्याले ताप.
कारण काय तं बुद्धिबळ! भासरे, यायचे सख्खे मोठे भाऊ, यायले चार चालीत मात देते. डाव तोच, रोज. परवा साऱ्यायपुढं म्हणाले, "लहान्या, तू गोट्या खेळ." झालं. भावाभावात बोलणं बंद. पिंकीच्या लग्नालेही येत नाई म्हणते. पिंकी भासऱ्यायची पोरगी, माह्या मांडीवर मोठी झाली. खेळापायी तिच्या लग्नात काका नाई?

१३ एप्रिल
सून रूपाली जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरातली, तिले खेळ येते. म्हणलं, "दाखव वं, चार चालीत माणूस मरते कसा."
राजाशेजारी तिरपं एक प्यादं आहे. त्याले राजाशिवाय कोणाचा आधार नाई. दुरून उंट त्याच्यावर रोखून बसते. वजीर येऊन ते खाते. मागं उंट, म्हणून राजाले वजीर मारता येत नाई. मात. एवढंच!
उपाय : वजीर बाजूनं आला का घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढं. वजीर पळते.
यायले सांगाले गेली. "आता तू शिकवते मले?" कूस बदलली.

१५ एप्रिल
रू. संग खेळली. प्यादं सरकवलं, वजीर पळाला. मी खूष. तो मागं गेला, सरळ रांगेत येऊन बसला, अन् पुढच्या चालीत तेच प्यादं खाल्लं. मात. आणखी खेळली, आणखी मात. भाजी करपली.
"आई, वजीर पळाला म्हणजे गेला नाई. तिथंच पाहून राहिला तो. आता राजाकडचा घोडा मधात आणा."
"मंग पहिलेच काहून नाई सांगितलं?"
"अर्धं ऐकून उठता तुम्ही."
जीभ लांब झाली तिची. खरं बोलली पण.

१८ एप्रिल
गेली ओट्यावर. भासऱ्यायसमोर जन्मात बसली नोहती. डोक्यावर पदर, बोलणं नाई, हाताले हात लागू द्याचा नाई.
भासरे बाजूच्या डोमाजीले म्हणाले, "विचार तिले, काय पायजे."
मी डोमाजीले म्हणलं, "सांगा त्यायले, पट मांडा म्हणा."
सारे हसले. डोमाजी म्हणे, "मी काय टेलिफोन होय?"
मारलेला मोहरा हातात देता येत नाई. ते फरशीवर ठेवत, मंग मी उचली. उंट आला, वजीर आला. प्यादं सरकवलं. वजीर मागं. घोडा मधात टाकला.
भासरे थांबले. चष्मा पुसला. पुढची चाल त्यायले ठाऊकच नसंन, असं वाटलं.
शेवटी हारली मीच, पण दुपार खाल्ली त्यायची.
डोमाजी म्हणे, "कोणी शिकवलं?"
"घरच्यायनं." निघून गेलं तोंडातून.
भासरे सरळ माह्याकडं पाहून म्हणाले, "लहान्यानं?" मंग ध्यानात आलं, डोमाजीकडं वळले. "मंग तो काहून येत नाई म्हणा?"

१९ एप्रिल
डोमाजीनं सकाळीच यायच्या कानात घातलं. हे चुलीपाशी आले.
"मी शिकवलं तुले?"
"हो."
"काय शिकवलं मी?"
पट मांडला. प्यादं दाखवलं, वजीर पळवला. "अस्सं आहे काय!" दुपट्टा खांद्यावर टाकला.
"थांबा, आणखी आहे."
"समजलं, समजलं."
"अजी, अर्धंच झालं—"
गेले. ओट्यावर नाई, पानठेल्यावर. तिथं दोघातिघायले शिकवून आले म्हणे. रू. तोंडाले पदर लावून हासे. माह्यानं हासवलं नाई.

२१ एप्रिल
भासरे आता आले आहेत. लग्नाची अक्षत घेऊन. काखेत पट.
हे खाटेवरून उठले. म्हणाले, "चार-पाच चालीत मेलो तं तुह्या मांडवात पाय ठेवत नाई."
"अन् नाई मेला तं?"
"तं पंगत वाढाले मी उभा."
मांडला. उंट आला. वजीर आला. यायनं प्यादं सरकवलं अन् माह्याकडं पाहून हासले. वजीर मागं सरला, सरळ रांगेत बसला. यायचा हात दुसऱ्याच बाजूच्या उंटाकडं गेला.
भासऱ्यायसमोर मी बोलू कशी? रू. नं माह्याकडं पाहिलं. पहावलं नाई, आत आली. आधन ठेवलं, अन् हे लिहून राहिली.
भासरे खोकलले. "लहान्या, घाई नाई. नीट पाह."
हे म्हणाले, "मले नोको शिकवू."
मोहरा ठेवल्याचा आवाज अजून आला नाई.