बटणांचा डबा आणि मागचं फाटक

मी, मनकर्णा गोकुळ निकम, वय चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त शिवणशिक्षिका, मूळ गाव पिशोर, तालुका कन्नड, हल्ली राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर, कोणाच्या दडपणाखाली नसताना, कोणी फूस लावलेली नसताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी लावावी ते या लेखाने ठरवून ठेवते. याआधी मी असा लेख केलेला नाही.

वकील उमाताईंनी मला एक साचा दिला होता. त्यात माणसांपेक्षा ‘सदरहू’ जास्त होते. त्या म्हणाल्या, मिळकतीपुरतं लिहा आणि बाकीचं गाळा. मी जन्मभर शिवणकाम शिकवलं आहे, कापड वाया घालवायची सवय नाही. म्हणून बाकीचंही ठेवलं आहे.

कलम १. माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल. डॉक्टरांनी मला वार विचारला आणि वजाबाकी करायला लावली. वजाबाकी बरोबर आली. त्यांच्या कोटाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबतंय हेही मी सांगितलं. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. वय झालं की कुठलं ना कुठलं दार कुरकुरतंच, त्याची मला भीती वाटत नाही.

कलम २. माझे पती कै. गोकुळ वाळूजच्या कारखान्यात होते. त्यांनी आणि मी मिळून हे रो-हाऊस घेतलं. मला एक मुलगा, सत्यम, तो पुण्याला नोकरी करतो. घर, त्यावरचे माझे सर्व हक्क, भांडीकुंडी आणि त्याच्या वडिलांचं घड्याळ सत्यमला मिळावं. अपवाद फक्त पुढच्या खोलीचा आणि मागच्या अंगणाचा. अंगणाच्या भिंतीपलीकडे मी जिथे शिकवलं त्या शाळेचं मैदान आहे आणि त्या भिंतीत एक लहान फाटक आहे. हे फाटक नीट ध्यानात ठेवावं, पुढे त्याच्यावरूनच सगळं अडलं आहे.

कलम ३. पुढची खोली आणि मागचं अंगण वापरण्याचा हक्क कु. तनुजा हिला राहील. तनुजा माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती मानसशास्त्र शिकून समुपदेशक झाली आहे आणि एकटी किती तरी शाळांना पुरी पडायला बघते. खोलीत शाळेची मुलं येऊन बसत असतील तोवर हा हक्क. मुलं यायची थांबली, तर खोली सत्यमची.

सत्यमला हे आधी पसंत नव्हतं. दिवाळीत तो म्हणाला, “आई, लोकांची पोरं घरात घेऊन बसतेस. उद्या काय कमीजास्त झालं तर पोलीस तुझ्याच दारात येतील.” मला राग आला, आणि दोन दिवस मी त्याला नुसता वरण-भातच वाढला. मग तोच म्हणाला, “खोली राहू दे. पण पोर आत असलं की दार सताड उघडं पाहिजे, आणि तनुजा नसेल त्या दिवशी खोली बंद.” ही अट मी जशीच्या तशी घालते. ती माझ्या डोक्यातून निघायला हवी होती.

कलम ४. माझा भाऊ फकिरा, राहणार पिशोर. वडिलांच्या जमिनीवरचा माझा हक्क सोडल्याची सही त्याने भाऊबिजेच्या ताटावर घेतली. ओवाळणीत लुगडं घातलं आणि लुगड्याखालून कागद काढला. हे मी विसरलेले नाही, आणि त्यानेही विसरू नये म्हणून इथे लिहिते. तरी माझा पितळी तांब्या त्याला द्यावा. कारण दरवर्षी गव्हाची सोंगणी झाली की तो माझ्यासाठी स्वच्छ, निवडलेल्या काड्यांची पेंढी न चुकता पाठवतो. त्या काड्या कशाला लागतात हे त्याने आजवर विचारलेलं नाही.

कलम ५. काड्या कशाला लागतात ते सांगते. आमच्या पिशोरला अंगावरचा कपडा अंगावरच शिवायचा असेल तर शिवून होईस्तोवर तोंडात काडी धरतात. नाहीतर सुईबरोबर माणसाची अक्कलही शिवली जाते, असं आई म्हणायची. मी शाळेत लागले तेव्हा मुलं तुटलेली बटणं घेऊन यायची. त्यांना मी काडी द्यायची आणि उभ्या-उभ्या बटण लावून द्यायची. काडी तोंडात म्हणून पोराला बोलता येत नाही, आणि नजर सुईवर म्हणून मला त्याच्याकडे बघता येत नाही. मग काडी काढली की पोर काय बोलेल याचा नेम नसायचा.

तनुजाची हकिकत तिच्या परवानगीने लिहिते. ती आठवीत होती. बापाचा कारखाना बंद पडला होता आणि घरात रोजची आदळआपट. ती पुन्हा-पुन्हा बटण तुटलं म्हणून यायची. तुटलेल्या बटणाचा धागा पिंजारलेला असतो. तिचा धागा साफ कापलेला होता. मी काडी दिली आणि सावकाश, गरजेपेक्षा जास्त टाके घालत बटण लावलं. काडी काढल्यावर ती म्हणाली, “बाई, मला घरी जायाचं नाय. कुठंच जायाचं नाय. राहायचंच नाय मला.”

मी सुई खाली ठेवली आणि तिची आई चतुराबाई हिला बोलावून आणलं. डॉक्टरांचं नाव काढताच ती माझ्यावर उसळली. “माझी पोरगी येडी हाय का? उद्या सोयरिक कशी जमायची तिची?”

मी म्हणाले, “चतुराबाई, पोरीला ताप आला असता तर सोयरिकीला इचारून गोळी दिली असती का?”

ती रडली, मग पदर खोचून आमच्याबरोबर रिक्षात बसली. शहरातल्या डॉक्टरांनी तनुजाला बरं केलं. मी केलं नाही, हे मोकळेपणाने लिहिते. बटण लावल्याने कोणी बरं होत नाही. त्याने पोरगं दारापर्यंत येतं, पुढचं काम शिकलेल्या माणसाचं आहे. म्हणून ही खोली मी तनुजाला देते, दुसऱ्या शिवणबाईला देत नाही.

कलम ६. शिलाई मशीन, कात्री आणि बटणांचा मोठा डबा खोलीतच राहावा. बटणांचे आणखी दोन डबे मी भरून ठेवले आहेत. एक पिशोरच्या शाळेत जावा, एक हर्सूलच्या. माझी बँकेतली सर्व ठेव त्या दोन शाळांतल्या एकेका शिक्षकाला तनुजाकडून शिकवून घेण्यासाठी वापरावी. पोराचं काय ऐकायचं, काय मनात ठेवायचं आणि कुठल्या बोलण्यावर त्याच दिवशी आईबापाला आणि डॉक्टरांना गाठायचं, एवढं त्या शिक्षकाला कळलं तरी ठेव सत्कारणी लागली. जमलं तर त्या शिक्षकांनी पुढच्या गावचा एकेक शिक्षक तयार करावा. डबे बाजारात मिळतात.

कलम ७. सदाशिवराव पुराणिक, आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव, यांना मी काहीही देत नाही. राग तेवढा शिल्लक आहे, तो इथे नोंदवते.

शाळेत मुलांच्या मनाची विचारपूस व्हावी असं वरून पत्र आलं, तेव्हा सदाशिवरावांनी मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून काचेच्या दाराची खोली केली. वर हातभर पाटी: ‘मानसिक आरोग्य समुपदेशन कक्ष’. नारळ फुटला, फोटो निघाले. काचेतून अख्ख्या व्हरांड्याला आतलं पोर दिसायचं. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला येड्यांची खोली म्हणू लागली. आता तिथे कवायतीचे ढोल ठेवतात.

त्यानंतर गणवेशच बदलला. शर्ट गेले, टी-शर्ट आले. शहरातल्या मोठ्या शाळांसारखं दिसावं म्हणून हे केलं, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण बटण गेलं आणि पोरांचा बहाणा गेला. चार दिवस कोणीच आलं नाही. माझा जीव टांगणीला लागला. मग एक पोरगी दप्तराचा पट्टा तोडून घेऊन आली. तिच्यामागून चेन बिघडलेली, कंपासपेटीची पिशवी उसवलेली अशी सगळी हळूहळू आली. एकाने तर बापाचा सदरा आणला. काडीही त्यांनी सोडली नाही. पट्टा टेबलावर ठेवून शिवत असले तरी पोरं आपणहून काडी उचलून दातात धरायची. मीही कधी सांगितलं नाही की आता तिची गरज नाही.

मी निवृत्त झाल्यावर हे काम माझ्या पुढच्या खोलीत आलं. मधल्या सुट्टीत मागच्या फाटकातून मुलं यायची, आठवड्यातून दोनदा तनुजाही येऊन बसायची. गेल्या गणपतीनंतर सदाशिवराव स्वतः आले. “बाई, कोण मुलं येतात, कशासाठी येतात, नावनिशीवार माहिती द्या. तपासणीला दाखवायची आहे.”

मी म्हणाले, “साहेब, नावं गेली की पोरं यायची बंद होतील.”

“मग जबाबदारी कोणाची? एखाद्याचं बरंवाईट झालं तर संस्थेला विचारतील.”

“जिथं बरंवाईट होईल असं वाटतं तिथं आईबापाला त्याच दिवशी बोलवतोच. बाकीचं मी कुणाला सांगत नाय. तुम्हालाबी नाय.”

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. आता पोराला शाळा सुटल्यावर रस्त्याने वळसा घालून, अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांदेखत माझ्या दारात यावं लागतं. येतात ती फार थोडी. ज्यांना यायची सगळ्यात जास्त गरज आहे ती तर येतच नाहीत. त्यांची मला काळजी वाटते. झोपताना देवाचं नाव घ्यायचं वय झालं, तर मी त्या पोरांची नावं घेते.

माणूस वाईट नाही, हेही लिहून ठेवते. मुलींचं स्वच्छतागृह त्यांनीच पाठपुरावा करून बांधून घेतलं. पण त्यांना वाटतं, पाटी लावली की काम झालं.

कलम ८. फाटक माझ्या मालकीचं नाही. भिंत शाळेची, फाटक शाळेचं, कुलूप सदाशिवरावांचं. जे माझं नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही. म्हणून या कलमात नुसती विनंती आहे. मधल्या सुट्टीपुरतं फाटक उघडं राहावं. ते बंद राहिलं तर वरची सगळी कलमं म्हणजे नवरीशिवाय मांडव.

कलम ९. माझ्या नावाची पाटी खोलीवर लावू नये. कशाचीच लावू नये. खिडकीत शिलाई मशीन दिसलं म्हणजे पुरे. तेराव्याला जे काही जेवण घालाल ते शाळेच्या मुलांना घालावं, आणि त्यात गुलाबजाम असावेत.

कलम १०. हे कलम टाइप केलेलं नाही, मी हाताने जोडते आहे. सह्या अजून व्हायच्या आहेत.

उमाताई म्हणाल्या होत्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असाच साक्षीदार घ्यावा. मला पहिलं नाव सुचलं ते सदाशिवरावांचं. दुसरे आमचे शेजारी कडुबा मोकासे. दोघेही आज आले. उमाताईंनी सदाशिवरावांना सांगितलं की साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. ते म्हणाले, “सही करणार तर वाचणार.” चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. सातवं कलम दोनदा वाचलं. उमाताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“स्वच्छतागृहाचं लिहिलंत, बरं केलंत,” ते म्हणाले. नंतर माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या बटणांच्या डब्याकडे बघत बोलले. “बाई, एक विचारतो. आमची नात, सई. आपल्याच शाळेत आहे. मागच्या वर्षी जेवेना, बोलेना. मग हळूहळू माणसांत आली. त्याच काळात तिच्या दप्तराचे पट्टे सारखे तुटायचे. तिच्या आईने नवं दप्तर आणलं, त्याचाही तुटला. गणपतीनंतर पट्टे तुटायचे थांबले, आणि पोर पुन्हा गप्प झाली. ती तुमच्याकडे यायची का?”

पेल्यात काड्या होत्या. मी एक उचलली आणि दातात धरली.

त्यांना आधी कळलं नाही. कडुबा हसू दाबत म्हणाले, “साहेब, काडी हाय तवर बाई बोलत नसत्यात.”

“म्हणजे नाही सांगणार.”

मी होकाराची मान हलवली.

“मी तिचा आजोबा आहे.”

मी काडी काढली नाही. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण मी काडी काढली नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, “मला सांगत नाही, म्हणजे कुणालाच सांगणार नाही.”

त्यांनी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली नखाने ओढून वेगळी केली आणि उठून मागच्या अंगणात गेले. कुलूप गंजलं आहे, फिरत नाही. कडुबा आत येऊन शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन गेले. दोघांची खटपट चालली आहे, तोवर मी हे लिहिते. कलम ८ खोडू का, असं उमाताई विचारतात. मी नको म्हणून मान हलवते. माणसं बदलतात, सचिवही बदलतात, विनंती लिहिलेली असू द्यावी.

आत्ता फाटक करकरलं.

मी काडी काढली. चला, सह्या करून घेऊ.

वर लिहिलेलं सगळं माझ्या मर्जीचं आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

मनकर्णा गोकुळ निकम (सही)

साक्षीदार:
१. कडुबा सखाराम मोकासे (सही)
२. सदाशिव रंगनाथ पुराणिक (सही). कलम सातसह सर्व वाचले. सोमवारी मधल्या सुट्टीत सईला या फाटकातून मी स्वतः पाठवीन. ती आली होती का, हे मला कळवू नये.

ठिकाण: बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, दिनांक २१ फेब्रुवारी २०२६