इंग्लंडने दिलेलं उत्तर

प्रिय जर्व्हिस,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. उलट सगळा गाव अजून पोट धरून हसतो आहे. टॅमसिन तर म्हणाली, "बाबा, आता तरी काकाला लिहा. तुम्ही लिहिल्याशिवाय तो काही यायचा नाही." म्हणून बसलो.

राणीच्या राज्यारोहणाच्या वाढदिवशी चौकात नाटक झालं, पोपच्या हकालपट्टीचं. पोप मी! उंची माझी, आवाज माझा, आणि गावात हातमोजे शिवणारा दुसरा आहे कोण? "घाल रे कुठलेही लाल," म्हणाले. कुठलेही? मी कोकराच्या कातड्याचे शिवले, पाठीवर सोनेरी क्रूस, बोटागणिक बावीस टाके. शेवटी ते जाळायचेच होते, म्हणून काय झालं? गबाळा पोप हाकलण्यात इंग्लंडची कसली आली शोभा!

नाटकातला इंग्लंड झाला होता कोतवाल ग्रिग्ज. तोच, जो गुत्त्यात मी तुला "रोमचा कुत्रा, इंग्रज नव्हेसच तू" म्हणालो तेव्हा टेबल बडवून "शाब्बास" ओरडला होता. त्यानं मला लाथ घालायची, की नाटक संपलं. त्याआधी मी थोडं लॅटिन बरळायचं. "अगडम बगडम काहीही म्हण, कुणाला कळतंय?" इति ग्रिग्ज. मला कळतं ना! चाळिशीत कुणाच्या मदतीवाचून बायबल वाचायला शिकलेला माणूस मी, चुकीचा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. शिवाय लहानपणी तू आईची चादर पांघरून पाद्री व्हायचास आणि मी उत्तरं द्यायचो, त्यातलं अक्षरन् अक्षर मला पाठ आहे.

कोबीचे गड्डे येत होते, "हाकला थेरड्याला!" चाललं होतं. मी सावकाश हात पसरले आणि अगदी तुझ्या चालीत म्हणालो, "दोमिनुस वोबिस्कुम." प्रभू तुमच्याबरोबर असो.

आणि जर्व्हिस, अख्ख्या चौकानं उत्तर दिलं! "एत कुम स्पिरितु तुओ!" तुझ्याही आत्म्याबरोबर असो. एका सुरात, टोप्या काढून, कोबी हातातच! देवळातलं लॅटिन बंद होऊन तेरा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही इंग्रजीत प्रार्थना करतो आहोत, तीही मनापासून. पण जीभ कुठली ऐकते? सगळ्यांत खणखणीत आवाज ग्रिग्जचा, लाथेचा पाय तसाच हवेत. क्षणभर जो तो शेजाऱ्याकडे बघत राहिला. मग म्हातारी सिसिली म्हणाली, "अगं बाई, इंग्लंडला लॅटिन येतं की!" ग्रिग्ज धाडकन आपटला, आणि जो हशा उठला तो काही थांबेना. हातमोजे जाळायचं सगळे विसरूनच गेले.

गैरसमज नको. पोपला मी मानत नाही, मरेपर्यंत मानणार नाही. पण त्या दिवसापासून गावात कुणाला 'पोपवाला' म्हणायची कुणाची छाती होत नाही. ग्रिग्जची तर नाहीच.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी टॅमसिनचं लग्न आहे. पाहुण्यांना द्यायचे हातमोजे मीच शिवतो आहे, पहिला जोड तुझा, सोबत पाठवला आहे. डावा अंगठा पाव बोट आखूड ठेवलाय, तुझा आहे तसा. तो घालून ये, भरदिवसा, चौकातून ये. चुकीचा शब्द माझ्या तोंडून निघत नाही, असं वर लिहिलं खरं. सहा वर्षांपूर्वी एक निघाला होता.

वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच,
ॲम्ब्रोस