पाण्याच्या आधी आलेला अंदाज

ती. आईला लेकीचा नमस्कार,

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, बहुतेक वेळा.

पुराचा अंदाज काढायला आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला नऊ तास लागायचे. तोवर पाणी घरांत शिरायचं. म्हणून मी प्रोग्राम नव्याने लिहिला. जिथे क्रम महत्त्वाचा, तिथे एकेक पायरी सांगितली. बाकी ठिकाणी फक्त काय हवं ते सांगितलं आणि कॉम्प्युटरच्या शंभर प्रोसेसरांनी काम आपापसांत वाटून घेतलं.

साहेब म्हणाले, "हे दोन पद्धतींचं त्रांगडं चालायचं नाही."

मंगळवारी नदी चढू लागली, तेव्हा अंदाज चाळीस मिनिटांत आला. नदीकाठची वस्ती वेळेत रिकामी झाली, सगळे वाचले. साहेबांनी स्वतः चहा आणून दिला.

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली ना? अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दादाकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच.

तुझी,
धाकटी