राखीव साठा

१ सप्टेंबर, पहाटे

आजपासून रोजनिशी. कोणाला वाचायला देणार नाही. तेवढी लायकी कोणाची नाही.

फौजेत आयुष्यभर भांडार सांभाळलं. माझ्या भांडारातून कधी काही गेलं नाही. चोरीला नाही, आणि शक्यतो मागायला आलेल्यालाही नाही. भरलेलं असतं तोवर ते भांडार, रिकामं झालं की नुसती खोली. एवढी साधी गोष्ट समजायला डोकं लागतं. पलटणीत ते फार जणांकडे नव्हतं.

निवृत्त सैनिकाला सरकार शिक्षणाची एक सवलत देतं. एका कुटुंबाला एक फुकट सीट, एकदाच. कुठलाही मान्य कोर्स. निवृत्तीनंतर दहा वर्षांत वापरायची. बाकीच्यांनी मिळाल्या मिळाल्या वापरून टाकली. उधळे! मी नऊ वर्षं जपली. आजही कोरी करकरीत आहे. आता मात्र ती काढायची. गोदाम व्यवस्थापनाचा कोर्स, तीन महिने. शिकायला नाही अर्थात. मला कोण शिकवणार? सर्टिफिकेट उचलायचं आणि एखाद्या बऱ्या कंपनीत मॅनेजर व्हायचं.

संकल्प: रोज व्यायाम. चिडायचं नाही. मूर्खांशी वाद घालायचा नाही.

१ सप्टेंबर, संध्याकाळ

व्यायाम उद्यापासून. मूर्खांशी वाद झाला. घरातच.

आमची कन्या चपलांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे पाय मोजते. आता डोक्यात एक्स-रे टेक्निशियन व्हायचं खूळ शिरलंय. जानेवारीत कोर्स सुरू होतो, प्रवेश मिळतोय, फीला पैसे नाहीत. म्हणाली, बाबा, तुमची सीट मला द्या ना, नियमात बसतं, तीस सप्टेंबरपर्यंत मुलांच्या नावावर करता येते. नियम मला सांगते! सगळी हयात ज्यानं नियमावर बोट ठेवून लोकांना परत पाठवलं, त्याला!

तरी शांतपणे समजावलं. सीट तुला दिली तर एकच माणूस शिकेल. मी घेतली तर मी मॅनेजर होईन आणि जानेवारीच्या आत पगारातून तुझी फी भरीन. एका सीटमध्ये दोन माणसं. याला नियोजन म्हणतात. आमच्या हिने कपाळावर हात मारून घेतला. डास असावा.

८ सप्टेंबर

पहिला दिवस. सगळ्यांच्या आधी पोचलो. केंद्राच्या शिपायाला दारातली पायपुसणी सरळ करायला लावली. तोंड वाकडं करून केली, पण केली.

शिकवायला कोण, तर एक मुलगी. आमच्या कन्येपेक्षा फार तर चार पावसाळे जास्त पाहिलेली. मला म्हणाली, काका, बसा ना. काका! मी सांगितलं, बाई, मला साहेब म्हणतात. ती हसली आणि म्हणाली, हो काका.

वर्गात सगळे माजी सैनिक. माझ्या शेजारी एक आचारी. पलटणीत डाळ ढवळली, आता गोदाम ढवळणार. वहीत बाईंचा शब्द न् शब्द उतरवून घेतो, शिंक आली तर तीही लिहील. मी वही उघडली नाही. बाईंनी पहिलंच वाक्य फळ्यावर लिहिलं: माल जितका लवकर बाहेर जाईल तितकं गोदाम चांगलं. मी मोठ्यानं हसलो. कोणीच सोबत दिली नाही. मेंढरं.

११ सप्टेंबर

टेबलावर स्कॅनर उघडा पडलेला. बारकोड वाचायचं यंत्र, महागाची वस्तू. ना कुलूप, ना पहारा. ताब्यात घेतला आणि बॅगेत ठेवला.

१२ सप्टेंबर

दिवसभर अख्खा वर्ग स्कॅनर शोधत होता. आचारी टेबलाखाली आडवा झाला होता, परत उठवायला दोघं लागले. मी मुद्दाम बोललो नाही. लोक संकटात कसे वागतात ते पाहत होतो. अत्यंत वाईट वागले. संध्याकाळी काढून दिला. वाटलं होतं, बाई आभार मानतील. म्हणाल्या, काका, असं करत जाऊ नका. दिवसच वाईट आलेत.

२५ सप्टेंबर

व्यायाम सोमवारपासून.

वर्गातल्या एका ड्रायव्हरने कोर्स सोडला. सीट मुलाच्या नावावर केली म्हणे, त्याला वेल्डिंग शिकायचंय. वर पेढे वाटावेत तसा हसत सगळ्यांचे हात हातात घेत होता. बापाने पोरापुढे शस्त्रं टाकली आणि हा हसतोय. आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. कांदे चिरायची सवय, दुसरं काय.

३० सप्टेंबर

आज सीट बदलायची शेवटची तारीख. माझ्या लक्षातही नव्हतं. पण कन्या जेवणाच्या सुट्टीत दुकानातून थेट केंद्रावर आली. वर्गाच्या दाराशी उभी. सगळ्यांच्या देखत! बाहेर घेऊन गेलो. म्हणाली, बाबा, ऑफिस चारला बंद होतं, हो की नाही तेवढं सांगा. मी म्हटलं, असं उठून कोणी मागितलं की माल इश्यू होत नाही. आधी तपासणी. तुझी खरंच आवड आहे का, चिकाटी आहे का, हे पाहावं लागेल. तर म्हणते, बावीस वर्षांची झाले, अजून किती तपासणार?

उलट उत्तर. हीच ती चिकाटी. मी आत गेलो. खिडकीतून पाहिलं तर बराच वेळ फाटकाशी उभी होती. मग दुकानाची वेळ झाली असावी. जेवली नसणार. मीही डबा तसाच परत आणला. पित्त.

२१ ऑक्टोबर

थंडी पडायला लागली. हिने परत ट्रंकेचा विषय काढला. फौजेतून आणलेली ब्लँकेटं ट्रंकेत आहेत. खरी लोकर, एकदाही न वापरलेली. म्हणाली, अहो, घरात तिघं जण, तिघंही विटक्या चादरीत कुडकुडतो, आणि ट्रंकेत ब्लँकेटं झोपलीत. मी विचारलं, आज वापरली आणि उद्या खरी थंडी पडली तर? हिने विचारलं, खरी थंडी कशाला म्हणतात ते सांगा. बायकांना साठ्यातलं काही कळत नाही. ट्रंकेची किल्ली जानव्यासारखी गळ्यात असते माझ्या. ट्रंक उघडायचीही गरज नाही. आत आहे हे माहीत असणं पुरेसं असतं.

सकाळी मलाच शिंका.

१४ नोव्हेंबर

एक्स-रे कोर्सच्या संस्थेत फोन केला. कन्येची जागा ठेवा, फी येतेय, असं दमात सांगितलं. तिथला कारकून म्हणाला, पाच जानेवारीपर्यंत फी भरली की जागा पक्की, नाही तर पुढचा नंबर. मी म्हटलं, मी कोण आहे माहीत आहे का? म्हणाला, नाही. या लोकांचं सामान्यज्ञान!

कन्येला सांगितलं, निर्धास्त राहा. मॅनेजरच्या केबिनसाठी नावाची पाटीसुद्धा करायला टाकली आहे. ती दुकानात घालायच्या चपला पुसत होती. मान वर केली नाही. पण हं म्हणाली.

५ डिसेंबर

प्रॅक्टिकल. आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा.

केंद्राच्या हॉलमध्ये खोटं गोदाम. रॅक, बॉक्स, सगळं खऱ्यासारखं. प्रत्येकाने एक दिवस चालवायचं. बाकीचे गिऱ्हाईक होऊन ऑर्डर घेऊन येणार.

आचाऱ्याची पाळी काल झाली. दुपारपर्यंत सगळं वाटून मोकळा. रॅकवर फक्त धूळ. हा माणूस गोदामाची पंगत समजतो! बाई मात्र टाळ्या वाजवत होत्या.

आज मी. आलेला माल अशा सरळ रेषेत लावला की बघत राहावं. मग गिऱ्हाइकं आली. पहिल्याची सही तिरकी. परत. दुसऱ्याचा शिक्का अर्धा उमटलेला. परत. तिसऱ्याचं सगळं बरोबर होतं, तेव्हा विचारलं, हा माल तुला कशाला हवा? सांगता येईना. परत. आचारी तर पंधरा बॉक्स मागत होता. पंधरा! त्याला सांगितलं, आधी पहिले दिलेले रिकामे आणून दाखव. म्हणाला, पहिले दिलेच कुठे? बरोबर पकडला.

रांग दारापर्यंत. एकदोघं चिडले, एक जण निघून गेला. संध्याकाळी बाईंनी विचारलं, काका, किती माल बाहेर गेला? मी ताठ उभा राहून म्हणालो, एक बॉक्ससुद्धा नाही. हॉल शांत झाला. अशी शांतता फक्त मोठ्या कामगिरीनंतर होते.

६ डिसेंबर

नापास.

बाईंच्या वयात जळफळाट असतोच. म्हणाल्या, एक संधी अजून आहे, एकोणीस तारखेला. काका, फक्त द्यायचं, एवढंच लक्षात ठेवा. आचारी घरी येऊन सराव करून घेतो म्हणाला. त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. आता काय डाळवाला मला शिकवणार?

घरी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. एका अर्थी खरंच आहे.

१९ डिसेंबर

सविस्तर लिहितो, म्हणजे अन्याय कोणी केला ते स्पष्ट राहील.

ठरवून गेलो होतो, आज द्यायचं. कन्येची फी डोळ्यांसमोर. पहिली ऑर्डर आली, एक बॉक्स. सही सरळ. शिक्का पूर्ण. कशाला हवा हे विचारलंसुद्धा नाही. जीभ चावून गप्प बसलो. दिला! स्वतःच्या हाताने उचलून दिला. हातगाडी दाराकडे निघाली. रॅकमध्ये त्या जागी एक भोक दिसायला लागलं. त्या सबंध सरळ ओळीत ते एकच भोक. बघवेना. दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती ती रॅक.

धावलो. दारात गाठलं. बॉक्स काढून घेतला, परत आणला, जागेवर लावला. हातगाडीवाला अजून हात पसरून उभा होता. मग बाकीचे लोक यायच्या आत हॉलला आतून कडी लावली.

अर्ध्या तासाने कडी काढली. बाई आत आल्या. पहिल्यांदाच साहेब म्हणाल्या. म्हणाल्या, साहेब, तुम्ही नापास आहात. बसा जरा, पाणी घ्या.

म्हणजे शेवटी साहेब म्हणाल्या.

२ जानेवारी

आचारी घरी आला होता. मोठ्या कंपनीत माल पाठवण्याच्या कामावर लागला. मुकादम! तिथे गेटवर एक जागा आहे, तुमच्यासाठी शब्द टाकू का, असं हिच्यासमोर विचारलं. गेटवर उभं राहून आल्यागेल्याला अडवायचं. मी म्हटलं, असली कामं मी करत नाही. तो गेल्यावर ही म्हणाली, अहो, तेवढंच तर आयुष्यभर केलंत. मग आत जाऊन भांडी आपटली.

पाटी तयार होऊन आली. अक्षरं छान आहेत. ट्रंकेत जागा नाही म्हणून कपाटामागे ठेवली.

५ जानेवारी

आज फीची शेवटची तारीख होती. मी कामात होतो. कपाट साफ केलं.

संध्याकाळी कन्या दुकानातून नेहमीसारखी आली. काही विचारलं नाही. निदान विचारायला हवं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

व्यायाम: सोडला. शरीरही साठाच आहे, जपून ठेवावं.

१२ जानेवारी

कन्या आज दुसऱ्या शहरात गेली. मोठ्या हॉस्पिटलात कामाला लागली, राहायची सोय तिथेच. वॉर्डातलं काम. म्हणजे एक्स-रे काढणार नाही, एक्स-रे काढायला पेशंट ढकलत नेणार. मी म्हटलं, सुरुवात म्हणून वाईट नाही. ही माझ्याकडे बघतही नव्हती.

बस सकाळची. कडाक्याची थंडी. पोरीची बॅग एवढीशी. तिच्याकडे बघून मला काय झालं कळेना. म्हटलं, थांब. गळ्यातली किल्ली काढली. ही दारात थिजून उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी कोणाला काही आपणहून देत होतो, असं नंतर हीच म्हणाली. खोटं असेल.

कुलूप गंजलेलं. तेल घातलं, हातोडी मारली, उघडलं. सगळ्यांत वरचं ब्लँकेट उचललं तर हातात फक्त कडा आली. मधलं सगळं कसरीने खाल्लेलं. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसरं उचलताच भुगा झाला. तळापर्यंत गेलो. घड्या मात्र सगळ्या सरळ होत्या. एकही अंगावर घेण्याच्या लायकीचं नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसलो. रडलो नाही. लोकरीची धूळ डोळ्यांत जाते.

त्यातल्या त्यात बरा एक तुकडा तिच्यापुढे धरला. कन्येने माझ्या खांद्यावरचा भुगा झटकला, वाकून पाया पडली. म्हणाली, राहू द्या बाबा, तिथे देतात पांघरूण.