दाताचा दवाखाना

माय, तू सांगितलेलं मी मोडलं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसून सगळं खरं सांगून आलो. तू जाऊन अठरा वर्षं झाली, तरी बोलताना तू दाराशी उभी राहून डोळे वटारते आहेस असं वाटत होतं. ते मला ऐकू येणाऱ्या आवाजांपैकी नव्हतं, साधी जुनी भीती होती.

एकवीसचा असताना मला ते आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा तू मला अकोल्याला नेलं नाहीस. अकोल्यात आपली सगळी सोयरीक. म्हणून मूर्तिजापूरहून उलट्या दिशेला, अमरावतीला, मनाच्या डॉक्टरकडे. दर महिन्याला सकाळच्या एसटीनं निघायचो. खिडकी मला, बाजूला तू, मांडीवर पिशवी, आणि बडनेरा येईपर्यंत माझा धडा चालायचा. "कोनी इचारलं तं काय सांगशीन?" तू विचारतेस. "दाताले दाखवाले गेलतो." "अन् कसा आहेस म्हनलं तं?" "मस्त आहो." "हासून सांग ना बापा, असा मेल्यावानी नोको सांगू." मी हसून सांगतो, तू पदरानं माझं कपाळ पुसतेस, आणि मग आपण दोघं गप्प बसून शेतं बघतो. तेवढा वेळ आवाजही गप्प असायचे.

वर्षानुवर्षं गावभर माझे दात खराब होते. तुझ्याकडे सांभाराची, कोथिंबिरीची जुडी घ्यायला येणाऱ्या बाया कडुनिंबाच्या काड्या आणून द्यायच्या, एकीनं तर लवंगेचं तेल दिलं. तू सगळं तोंड पाडून ठेवून घ्यायचीस, नाटक तुला छान जमायचं. आज बावन्नाव्या वर्षी माझे बत्तीसही दात शाबूत आहेत, त्याचं श्रेय त्या काड्यांनाच द्यायला हवं.

गेल्या साली बियाण्याच्या दुकानातलं काम सुटलं. मालक भला माणूस, पण पंधरा-पंधरा दिवस न सांगता घरी बसणारा माणूस कोण किती दिवस ठेवील? मग कळलं की या आजारालाही अपंगाचा दाखला मिळतो आणि त्यावर महिन्याची मदत सुरू होते. चाळीस टक्के लागतात. पायाचं मोजतात तसं मनाचंही मोजतात. मी काय केलं असेल, सांग. दाढी केली, तेल लावून भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज अंघोळ करता? हो. स्वयंपाक? करतो. लोकांत मिसळता? मस्त, म्हटलं, आणि हसलो. चाळीसच्या बरंच खाली राहिलो. बाहेर आपल्या गावचा एक जण भेटला, त्याला म्हणालो, दाताले दाखवाले आलो.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, पुन्हा अर्ज करा. पण घरचं कोणी सोबत आणा. तुमचे वाईट दिवस पाहिलेलं कोणी." जिना उतरताना मी आठवत गेलो. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा तू दाताचंच सांगितलं होतंस. माझे वाईट दिवस पाहिलेलं माणूस एकच होतं. माय, मला तुझा फार राग आला. तुझ्या फोटोकडे पाठ करून दोन दिवस जेवलो. तू मला लोकांच्या तोंडापासून वाचवलंस, कबूल आहे, पण माझं दुखणं माहीत असलेलं एक माणूस तरी मागे ठेवायचं होतंस.

दुसऱ्या खेपेला एकटाच गेलो. "कोणी नाही आलं?" त्यांनी विचारलं. "कोनालेच माहीत नाही, बाई." "मग तुम्हीच सांगा." मी सांगितलं. आठ-आठ दिवस अंगावर पाणी घेत नाही, गॅस पेटवायची भीती वाटते म्हणून मुरमुऱ्यांवर राहतो, कोणी दार वाजवलं की मोरीत जाऊन बसतो. आवाज काय म्हणतात तेही सांगितलं, जे तुलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या लिहिणं थांबवून म्हणाल्या, "हे पहिल्यांदा काहून नाही सांगितलं?" तुझी चुगली केल्यासारखं वाटलं आणि त्यांच्या टेबलासमोर रडलो.

दाखला मिळाला. मदत सुरू झाली. एसटीत सवलत आहे, आणि कंडक्टर म्हणाला, सोबत्यालाही आहे.

तुला लिहिलेला हा कागद घडी करून औषधांच्या पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? एक मात्र सांगायचं राहिलं. औषध मी अजून अमरावतीहूनच आणतो. परवा गाडीत खिडकीशी बसलो होतो. गर्दी झाली, एका माणसानं बाजूच्या जागेकडे बोट करून विचारलं, "इथं कोनी हाये का?" मी तिथे पिशवी ठेवली आणि म्हणालो, "माय येऊन राहिली." तो बिचारा उभाच राहिला. डॉक्टरीणबाईंना कळलं तर त्या हेही लिहून घेतील. पण हे आजारातलं नव्हतं, माय. तू येणार नाहीस हे मला पक्कं माहीत होतं. तरी बडनेऱ्यापर्यंत मी पिशवी उचलली नाही.