डूनवीनची घरमिस्सा

डूनवीन, काउंटी मेयो
१२ फेब्रुवारी १९८४

ती. डीलियाताईस,
ऑस्टीचा सा. न.

तुझं ख्रिसमसचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. आधी वादळ आलं, मग टपालगाडी पुलापलीकडे अडकली, आणि मग माझा आळस. रागावू नकोस. तब्येत ठीक आहे. गुडघा पावसाआधी ठणकतो आणि इथे पाऊस थांबत नाही, म्हणजे काय ते तू समजून घे.

वादळानं गोठ्याचे दोन पत्रे उडवले. एक समुद्रात गेला. दुसरा मॅनस गॉहनच्या बटाट्यांत पडला असावा, कारण सकाळी तो माझ्या फाटकाला टेकवून ठेवलेला दिसला. मी काही त्याचे आभार मानायला गेलो नाही. आमचं बोलणं बंद आहे ते बंदच आहे.

वाडीत आता दोनच घरांत दिवा लागतो, त्याच्या आणि माझ्या. बॅरेट नवराबायको नोव्हेंबरात मुलाकडे गॉलवेला गेले ते गेलेच. शाळेची इमारत एका जर्मन बाईनं घेतली आहे, ती हवा बरी असली की येते. बॅरेटांनी जाताना कोंबड्या मला दिल्या. संध्याकाळी त्यांच्याशीच चार शब्द बोलतो. आपलाच आवाज कधीकधी ओळखू येत नाही, ताई, इतके दिवस तोंड उघडलेलं नसतं.

आता पत्रास कारण. गेल्या रविवारी नव्या फादरांनी, हेनिगन त्यांचं नाव, फादर वाडीतल्या एकेका घरी येऊन प्रार्थना म्हणतात त्या वसंतातल्या घरमिस्सांची नावं वाचली. कुठल्या वाडीत कोणाच्या घरी मिस्सा होणार ते सांगत सांगत डूनवीनपाशी आले आणि म्हणाले, दोन घरांसाठी वेगळी मिस्सा कशाला, त्यांनी आपलं चर्चमध्येच यावं. माझं मलाच कळलं नाही, मी उभा राहिलो आणि भर चर्चमध्ये म्हणालो की डूनवीनची मिस्सा आपल्या, लाव्हेलांच्या घरी होईल. ईस्टरनंतरचा शुक्रवार ठरला. पण फादरही काही कमी नाहीत. म्हणाले, मिस्सा संपल्यावर ऑक्टोबरातली पुढची मिस्सा कोण घेणार ते रीतीप्रमाणे विचारीन. कोणी घेतली नाही, तर डूनवीनचं नाव कायमचं काढून टाकीन. मला लागोपाठ दोनदा घेता येत नाही. म्हणजे उरला कोण ते तूच बघ.

ज्या वाडीत मिस्सा होत नाही तिला लोक वाडी म्हणत नाहीत, नुसतं माळरान म्हणतात. मला माळरानावर राहणारा म्हातारा व्हायचं नाही. तू ये. घरात बाईमाणूस नसताना फादरांपुढे काय ठेवू?

लोभ आहे तो वाऱ्यापावसात टिकवून ठेव.
तुझा
ऑस्टी


लीड्स
२७ फेब्रुवारी १९८४

चि. ऑस्टीस,
ताईचे आशीर्वाद.

भर चर्चमध्ये उभा राहिलास? तू? लहानपणी फादरांनी धर्माच्या धड्यातलं, कॅटेकिझमचं उत्तर विचारलं की माझ्या मागे लपायचास. वाचून मी एकटीच हसत बसले.

एकटीच, कारण आता घरात दुसरं कोणी नाही. जेरार्ड बायकामुलांना घेऊन कॅनडाला गेला. ख्रिसमसच्या पत्रात लिहायचं टाळलं होतं. नातवंडांनी भिंतीवर रेघोट्या मारल्यात त्या पुसायला माझा हात होत नाही. शेजारची बाई भली आहे, पण दाराशी उभी राहून हवापाण्याचं बोलते आणि जाते. तू इथे का येत नाहीस? मागची खोली रिकामी आहे, गरम पाणी चोवीस तास आहे. तिथे कोंबड्यांशी बोलण्यापेक्षा इथे माझ्याशी भांड.

मी तिकडे येणार नाही, आग्रह करू नकोस. आईच्या अंत्यविधीला आले होते तेव्हा काय झालं आठवतं का तुला? मला बैठकीच्या खोलीत फादरांशेजारी बसवलं, सोनेरी काठाचा कप हातात दिला. स्वयंपाकघरात भांडी घासायला गेले तर बायकांनी हात धरून बाहेर काढलं, म्हणे तुम्ही इंग्लंडहून आलात, तुम्ही बसा. ज्या चुलीपाशी मी वाढले तिथे मला कोणी उभं राहू दिलं नाही. पाहुणी म्हणून त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं मी बोटीवरच ठरवलं.

तर तुझं तू कर. भिंतींना चुना दे, दोनदा. पलंगाखाली झाड. चर्चजवळच्या मास्तरांच्या विधवेकडून कपबशा माग. टेबलाखाली चार विटा घाल, नाहीतर फादरांना वाकून मिस्सा म्हणावी लागेल. त्यांच्या न्याहारीला उकडलेलं अंडं, पिवळं मऊ राहिलं पाहिजे. आणि मॅनसकडे जा. रिकाम्या खुर्च्यांना मिस्सा ऐकवणार आहेस का? किनाऱ्यावरच्या शेवाळावरून माणसं एवढी वर्षं अबोला धरतात, हे इथे कोणाला सांगायची मला लाज वाटते.

तुला आणि तुझ्या कोंबड्यांना खूप माया.
डीलिया


डूनवीन
२० मार्च १९८४

ती. ताईस,
ऑस्टीचा सा. न.

जेरार्डचं वाचून वाईट वाटलं. पण मी लीड्सला येऊन काय करू? तिथे उजाडलं की बाहेर बघायचं कुठे? इथे निदान समुद्र काल होता तिथेच आहे की नाही ते पाहता येतं.

चुना दिला. दोनदा. पहिला हात पावसानं धुऊन नेला, म्हणजे तिसऱ्यांदा द्यावा लागणार.

मॅनसबद्दल तू म्हणतेस ते मला जमणार नाही. घरमिस्सेला बोलावणं नसतं, ताई. बोलावतात लग्नाला. फादरांनी नाव वाचलं की वाडीनं यायचं, बस. बोलवायला गेलो तर त्याचा अर्थ काय होईल? की तू वाडीतला नाहीस, बाहेरचा आहेस, म्हणून तुला सांगावं लागलं. एवढा अपमान तर मी वैऱ्याचाही करणार नाही.

आणि ते नुसतं शेवाळ नव्हतं. आई घरात शेवटची निजली होती, मेणबत्त्या लावलेल्या होत्या, आणि आपण तिला घेऊन चर्चला गेलो तेवढ्यात हा गाढवाची गाडी घेऊन किनाऱ्यावरच्या आपल्या पट्ट्यात उतरला आणि वादळानं आणून टाकलेलं सगळं शेवाळ भरून घेऊन गेला. बटाट्यांना वर्षाचं खत होतं ते. मला खताचं काही नाही. पण त्या दिवशी?

तो सध्या रस्त्याकडेची काटेरी झुडपं तोडतोय. फाट्यापासून थेट माझ्या फाटकापर्यंत. कशाला ते त्याचं त्याला ठाऊक. विचारायची सोय नाही.

आठवण ठेव.
ऑस्टी


डूनवीन
४ एप्रिल १९८४

श्रीमती डीलियाबाईंस,
मॅनस गॉहनचा स. न. वि. वि.

आपलं पत्र आलं. आपल्या भावाच्या घरच्या मिस्सेला अगत्यानं जावं, असं आपण लिहिलंत.

मी जाणारच होतो. कोट बाहेर काढून वाऱ्यावर टाकला होता. फादरांची मोटार काट्यांनी ओरखडू नये म्हणून रस्ता मोकळा केला. डूनवीनमध्ये जन्मलो, माझ्या बापाला मिस्सेचं कोणी सांगायला आलं नाही, आजाला आलं नाही. बोलावणं जर्मन बाईला जातं, ती परकी आहे. आता मलाही आलं, आणि तेही इंग्लंडहून, तिकीट लावून. आता गेलो तर बोलावलेला माणूस म्हणून जाईन. आपण बरीच वर्षं तिकडे आहात, विसरलात, मी दोष देत नाही. पण आता माझं येणं होत नाही.

आपण विचारलंत म्हणून शेवाळाचं सांगतो. भरतीला ते परत गेलं असतं. आपण सगळे दुःखात होता. अर्धं मी आपल्याच वाफ्यांवर पसरलं होतं. ऑस्टीनं दुसऱ्या दिवशी ते फावड्यानं माझ्या भिंतीवरून आत फेकलं, आणि एक शब्द विचारला नाही. मग मीही सांगितलं नाही.

सकाळी उठलो की आधी त्याचं दार उघडलंय का ते बघतो. हे त्याला कळवू नये.

लोभ पूर्वी होता तेवढाच असावा.
मॅनस गॉहन


लीड्स
९ एप्रिल १९८४

मॅनस,
स. न. वि. वि.

चुकले. खरंच विसरले. भलं करायला गेले आणि घाण करून ठेवली. कोणाला बोलावतात आणि कोणाला बोलावत नाहीत, हे मी विसरावं? तेही, मलाच एकदा पाहुणी केलं म्हणून मी इतकी वर्षं रुसून बसलेली असताना.

माझं पत्र चुलीत टाका. ते आलंच नाही असं समजा. ऑस्टीला त्याचं काही माहीत नाही, आणि माझ्याकडून कळणार नाही. हेही टाका. मी काही सांगत नाही, काही मागत नाही.

डीलिया


डूनवीन
२९ एप्रिल १९८४

ती. ताईस,
ऑस्टीचा सा. न.

मिस्सा झाली. कशी झाली ते सांगतो.

शुक्रवारी पहाटेपासून पावसाची झिमझिम होती. टेबलाखाली विटा घातल्या, आईची पांढरी चादर घातली, मास्तरांच्या विधवेच्या बारा कपबशा मांडल्या. खुर्च्या मांडताना कळेना किती मांडाव्यात, म्हणून होत्या तेवढ्या मांडल्या. फादर आले, चर्चचा कारभारी आला. जर्मन बाई आली, तिला मी सांगून आलो होतो. फादर कपडे बदलेपर्यंत मी दाराकडे बघत होतो. रस्ता रिकामा. मग फादर म्हणाले सुरुवात करू या का, आणि मी हो म्हणालो. ताई, स्वतःच्या घरात इतका ओशाळा मी कधी झालो नव्हतो.

दार उघडंच ठेवलं होतं. अर्ध्या मिस्सेत सहज मागे पाहिलं, तर मॅनस बाहेर अंगणात गुडघ्यांवर. टोपी हातात, चांगला कोट, डोक्यावर पाऊस. आपल्या लहानपणी घर माणसांनी ठासून भरलं की बाप्ये असेच बाहेर गुडघे टेकायचे, आठवतं? तसा. आत आठ खुर्च्या रिकाम्या आणि हा बाहेर, जागा नाही म्हणून. जर्मन बाई त्याला आत बोलवायला उठत होती, मी तिची बाही धरून खाली बसवलं.

प्रसाद द्यायच्या वेळी फादर थबकले. मग सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडून दारापर्यंत गेले आणि त्याला बाहेर दिला. तरुण आहेत, पण मला आता त्यांच्याबद्दल वाईट बोलवणार नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, पुढची मिस्सा कोणाकडे. माझ्या कानांत नुसता वारा. फादरांनी कारभाऱ्याकडे बघितलं, त्यानं खिशातून पेन्सिल काढली. तेव्हा बाहेरून आवाज आला, गॉहनांकडे. घसा बसलेला होता, पण ऐकू आलं. फादरांनी पुन्हा विचारलं नाही.

फादरांना अंडं दिलं. दगडासारखं झालं होतं, त्यांनी खाल्लं. मग चहाचा कप घेऊन मी बाहेर गेलो. मिस्सेच्या घरून उपाशी जायचं नसतं. मॅनस भिंतीला टेकून उभा होता, गुडघे चिखलानं भरलेले. घोट घेतला आणि म्हणाला, हे गटाराचं पाणी आहे, ऑक्टोबरात असला चहा माझ्या घरी चालायचा नाही, चुलीपाशी डीलिया पाहिजे, आणि बारा कपबशा मी काही घासणार नाही, त्या तिनंच घासायच्या. मी म्हणालो, तिचा चहा याहून वाईट असतो. त्यानं मान हलवली, कप भिंतीवर ठेवला आणि गेला. इतक्या वर्षांत एवढंच बोललो. शेवाळाचा विषय निघाला नाही. निघेल कधीतरी, किंवा नाही निघणार.

सगळे गेल्यावर मी बाराच्या बारा कपबशा घासल्या. वापरल्या होत्या चारच. मग बराच वेळ त्या आठ खुर्च्या उचलायचं मनावर घेतलं नाही. बसून राहिलो. आईच्या वेळी या खोलीत श्वास घ्यायला जागा नसायची.

ऑक्टोबरातला पहिला शुक्रवार. तुला कळावं म्हणून लिहिलं. बोलावत नाही.

आहे ती माया तिकडेच ठेव, इथे ओलसर होते.
ऑस्टी


लीड्स
८ मे १९८४

चि. ऑस्टीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. ऐकणारं कोणी नव्हतं. खूप रडले. वाईट वाटून नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

सप्टेंबरअखेरच्या बोटीचं तिकीट काढलंय. परतीचं विचारलं, मी म्हटलं ते मागाहून बघू. मॅनसला सांग, अंगण झाडून ठेव, चूल दोन दिवस आधीपासून पेटती ठेव, चुलीपाशी कोणी लुडबुडायचं नाही. अंडी तुझ्या कोंबड्यांची घेईन.

बेलमलेटला बस संध्याकाळी पोचते. मला घ्यायला कोणी यायचं नाही. वाट मला माहीत आहे.

डीलिया